कव्हर ड्राइव्ह विसरत नाही, गार्ड मात्र घरीच

21 जानेवारी 2023, रायपूर. न्यूझीलंडविरुद्धच्या दुसऱ्या एकदिवसीय सामन्याची नाणेफेक रोहित शर्माने जिंकली आणि तो गप्पच झाला. काही सेकंद नुसता आठवत राहिला. शेवटी 'गोलंदाजी' असं उत्तर आलं. संघात यावर बरीच चर्चा झाली होती, पण काय ठरलं तेच विसरलो, अशी कबुली त्याने तिथेच हसत हसत दिली. पुढे न्यूझीलंडचा डाव 108 धावांत आटोपला आणि रोहितने 51 धावा काढल्या. बॅट कशी धरायची, हे काही तो विसरला नव्हता.

घरात खेळणारं पोर असेल तर हे दृश्य ओळखीचं आहे. बाटली मैदानावर, पोहण्याचा गॉगल बसमध्ये, गार्ड पलंगाखाली, आणि शाळेचा बोनाफाईड दाखला स्पर्धेच्या सकाळी दप्तराच्या तळाशी, वरणाचा डाग पडलेला. त्यावर घरच्यांचं ठरलेलं वाक्य: "खेळातलं बरं सगळं लक्षात राहतं!" टोमणा म्हणून ठीक आहे, पण स्मृतीच्या दोन अगदी वेगळ्या प्रकारांची त्यात गल्लत होते.

ही गोष्ट सर्वांत लख्ख दाखवून दिली हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णाने. 1953 साली अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा) बराचसा भाग दोन्ही बाजूंनी काढला गेला. त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला एक काम दिलं: आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायची. पहिल्या दिवशी त्याचा हात भरकटला, तिसऱ्या दिवसापर्यंत सफाईदार झाला. गंमत म्हणजे हे काम आपण आधी कधी केलंय, याची त्याला दर वेळी आठवणच नसे. हाताला आलेलं कौशल्य आणि डोक्यातली आठवण यांचे कप्पे वेगळे. कव्हर ड्राइव्ह, बटरफ्लायचा हात, खो-खोमधली पलटी हे सगळं सरावाने मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू या भागांच्या भरवशावर चालू लागतं. तिथे 'आठवावं' लागतच नाही.

गार्ड पिशवीत टाकणं हे काम मात्र आठवावंच लागतं. 'पुढे अमुक एक करायचं आहे' हे मनात धरून ठेवायचं, मधली सगळी कामं करायची आणि नेमक्या क्षणी ते वर आणायचं. हे बरंचसं कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं काम आणि हा भाग पूर्ण परिपक्व व्हायला विशी उलटून जाते. शिवाय हाताळायच्या गोष्टी मनात एका वेळी चारेकच मावतात. आता बारा वर्षांच्या मुलीचा विचार करा. सराव संपलाय, सरांनी उद्याची वेळ सांगितली आहे, मैत्रीण हाक मारतेय, बाहेर रिक्षा थांबली आहे आणि भूक लागली आहे. बाटली बाकावर राहिली यात नवल ते काय!

मग करायचं काय? गाइल्स आइनस्टाइन (ते आइनस्टाइन नव्हेत) आणि मार्क मॅकडॅनिएल या मानसशास्त्रज्ञांनी अशा आठवणींचे दोन प्रकार केले: वेळेवर टांगलेल्या आणि प्रसंगावर टांगलेल्या. 'सात वाजता पिशवी भर' हा पहिला प्रकार. त्यात घड्याळाकडे लक्ष ठेवण्याचं कामही मेंदूवरच पडतं. 'रात्री दात घासून झाले की पिशवी भर' हा दुसरा आणि बहुतेकदा सोपा, कारण खूण समोर येते आणि तीच आठवण करून देते. पीटर गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी 2006 साली 94 चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. 'असं झालं की मी तसं करीन' अशा बांधणीने ठरवलेली कामं नुसत्या निश्चयापेक्षा लक्षणीय प्रमाणात जास्त पार पडतात, असं त्यातून दिसलं. "उद्यापासून नीट लक्ष ठेव" यात खूणच नाही, म्हणून ते वाक्य रोज म्हणावं लागतं. त्याऐवजी "बूट सोडले की आधी बाटली आत, मग चपला" असं पोराच्याच तोंडून वदवून घ्यावं आणि दोनचार वेळा तसं प्रत्यक्ष करूनही बघावं. किट बॅगेच्या झाकणाला आतून आठ वस्तूंची यादी चिकटवली तर मेंदूवरचं ओझं आणखी कमी. यादी मुलाच्या हस्ताक्षरात असावी. आईने सुवाच्य अक्षरात लिहिलेली यादी आईच वाचते.

बहुतेक घरांत खूण म्हणजे आईच असते. "पॅड घेतलेस? टोपी? डबा?" यानेही काम होतं, तोवर जोवर आई शेजारी आहे. निवासी शिबिरात ती खूण घरी राहते. म्हणून प्रश्न कमी करत न्यावेत: आधी वस्तूंची नावं, मग नुसतं "यादी बघितलीस?", मग काहीच नाही. विसरलेलं घेऊन धावत मैदानावर जावं का? रोजच्या सरावाला नाही, निवड चाचणीला जरूर. आणि विसरल्याबद्दल मैदानाला फेऱ्या मारायला लावणाऱ्या सरांविषयी एवढंच म्हणेन की त्याने दम वाढतो.

झोपेकडे मात्र कुणी बघत नाही. 13 ते 18 वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि या वयात शरीराचं घड्याळ मुळातच उशिराकडे सरकतं. पहाटे साडेपाचचा सराव, मग शाळा, मग क्लास, पुन्हा सराव. अपुऱ्या झोपेचा पहिला फटका बसतो तो लक्ष देण्याच्या क्षमतेलाच.

काही मुलांचा विसराळूपणा याहून खोल असतो. घरी, शाळेत, मैदानावर, सगळीकडेच, बारा वर्षांच्या आधीपासून आणि रोजचं जगणं अडवण्याइतका तो असेल, तर एडीएचडीची (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणाऱ्या अवस्थेची) तपासणी बालमानसोपचारतज्ज्ञांकडून करून घ्यावी. अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्सला हे निदान नवव्या वर्षी झालं होतं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 200 मीटर बटरफ्लायच्या शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, भिंत दिसेना. तो हात मोजत पोहला आणि 1 मिनिट 52.03 सेकंदांचा विश्वविक्रम केला. म्हणून एडीएचडी हे वरदान ठरत नाही. त्या शर्यतीमागे वर्षानुवर्षांचा सराव होता.

उपचारात औषध आलं तर खेळाडूंसाठी एक अट असते. एडीएचडीवर सर्रास दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट स्पर्धाकाळात उत्तेजक म्हणून प्रतिबंधित आहे. वैद्यकीय कारणासाठी सूट मिळते. अमेरिकी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सकडे ती होती आणि 2016 साली हॅकरांनी तिची कागदपत्रं फोडल्यावर तिने लहानपणापासून हे औषध घेत असल्याचं उघडपणे सांगितलं. मूल वरच्या पातळीवर खेळत असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं आणि या वैद्यकीय सवलतीचा अर्ज नाडाकडे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे) स्पर्धेच्या बऱ्याच आधी करावा. ते कागद सांभाळण्याची जबाबदारी सध्या तरी पालकांचीच.