मागचा ब्रेक लागत नाही? नट आवळण्याआधी हे वाचा

ब्रेक ढिला वाटला की मागच्या चाकाजवळचा नट दोन आटे आवळायचा, ही सवय जवळपास प्रत्येक मोटरसायकलवाल्याला असते. बऱ्याचदा तेवढ्याने भागतेही. पण नटाचे काम एकच: पॅडलची जास्तीची मोकळी चाल काढून टाकणे. लायनर (चाकातल्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारा थर) झिजलेले, तेलकट किंवा काचेसारखे गुळगुळीत झाले असतील, कॅम (पॅडल दाबल्यावर फिरून लायनर ड्रमवर ढकलणारा भाग) जाम असेल, तर नट कितीही आवळा, ब्रेक सुधारणार नाही. उलट लायनर ड्रमला सतत घासत राहतील, हब (चाकाचा मधला भाग) तापेल, मायलेज पडेल आणि काही दिवसांत ब्रेक आधीपेक्षा कमजोर होईल. म्हणून आधी कारण शोधा, मग पाना हातात घ्या.

आमच्या गॅरेजचे हे पत्रक मुख्यतः मागे ड्रम ब्रेक असलेल्या स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना अशा गाड्यांसाठी आहे. डिस्कबद्दल शेवटी थोडक्यात लिहिले आहे.

पायाला काय जाणवते?

पॅडल खूप खाली जाऊन मग ब्रेक लागत असेल, तर मोकळी चाल वाढली आहे किंवा लायनर झिजले आहेत. पॅडल वरच्या वर घट्ट लागते, जोर लावला तरी गाडी मात्र पुढे सरकतच राहते, असे असेल तर नटाला हात लावू नका. इथे दोष लायनरच्या पृष्ठभागात किंवा कॅममध्ये आहे. पाय काढल्यावर पॅडल सावकाश वर येत असेल, तर कॅम किंवा पॅडलचा पिव्होट (पॅडल ज्यावर फिरते तो खिळा) कोरडा पडला आहे. ब्रेक लावताना पायाला ठोके जाणवत असतील, तर ड्रम अंडाकृती झाला आहे.

मोकळी चाल बघायची कशी

गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये घ्या. पॅडलच्या टोकाशी पट्टी धरा आणि पॅडल हाताने दाबा, पायाने नाही. ब्रेक पकडायला लागेपर्यंत टोक साधारण 20 ते 30 मिमी खाली गेले पाहिजे. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

ब्रेक रॉडच्या (पॅडलपासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या सळईच्या) टोकाचा नट एका वेळी अर्धाच फेरा फिरवा. या नटाच्या तोंडाला अर्धगोल खोबण असते आणि ती ब्रेक आर्मच्या (कॅम फिरवणाऱ्या दांडीच्या) गोल पिनवर नीट बसावी लागते. बोटाने चाचपून पाहा. खोबण पिनवर आडवी राहिली, तर त्या क्षणी ब्रेक बरोबर वाटतो, पण पहिल्याच जोरदार ब्रेकला नट खोबणीत उतरतो आणि पॅडल पुन्हा ढिले पडते. मग चाक हाताने फिरवा. अधूनमधून हलकी खसखस ऐकू आली तरी चालेल, पण चाक जड लागता कामा नये. शेवटी ब्रेक लाइट पाहा. तो उशिरा लागत असेल किंवा कायम पेटत असेल, तर ब्रेक स्विचचा नट फिरवून जुळवा. स्विच स्वतः फिरवला तर आतली वायर तुटते.

चेनशी याचा थेट संबंध आहे, आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. चेन ताणली की चाक मागे सरकते आणि ब्रेक आपोआप घट्ट होतो. नवा चेनसेट बसवला की चाक पुढे येते आणि ब्रेक ढिला पडतो. चेनचे कोणतेही काम झाल्यावर मोकळी चाल पुन्हा मोजायचीच.

लायनर संपले का?

चाक न उघडता हे कळते. दुसऱ्या कोणाला पॅडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि ब्रेक आर्मजवळचा छोटा बाण पाहा. तो ब्रेक प्लेटवरच्या (ड्रमच्या झाकणावरच्या) खुणेला टेकला असेल, तर शू (लायनर ज्यावर चिकटवलेले असते ते अर्धगोल तुकडे) बदलायची वेळ झाली. उघडून मोजायचे असेल, तर बहुतेक गाड्यांत नवे लायनर सुमारे 4 मिमी जाड असते आणि 2 मिमी ही शेवटची मर्यादा. ते सर्वांत जास्त झिजले असेल त्या जागी मोजा.

ब्रेक दाबलेला असताना रॉड आणि आर्म यांच्यात साधारण काटकोन असावा. आर्म त्याच्या बराच पुढे झुकू लागला की पायाचा जोर वाया जातो. यावर एक जुगाड सर्रास चालतो: शूच्या टोकाला पत्र्याची पट्टी लावायची किंवा आर्म कॅमवर एक दाता सरकवून बसवायचा. पॅडल छान वर येते, पण झिजलेले लायनर झिजलेलेच राहते आणि आर्मच्या कोनावरून झीज ओळखण्याची सोयही जाते. कृपया हे कोणाकडूनही करून घेऊ नका. शूची जोडी त्यापेक्षा फार महाग नसते.

लायनर जाड आहे, तरी ब्रेक नाही

सतत घासून किंवा तापून लायनरवर चकाकी येते. नखाने खरवडले तर घसरते. अशा वेळी 80 ते 100 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने आडवा फिरवा, चकाकी जाऊन पृष्ठभाग मळकट दिसेपर्यंत. ड्रमही आतून तसाच साफ करा. फुंकर किंवा हवेचा प्रेशर मारू नका. काही शूच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतो. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

लायनर तेलकट असेल तर तो पेट्रोलने धुऊन किंवा जाळून वाचवता येत नाही. तेल आत मुरलेले असते आणि गरम झाले की पुन्हा वर येते. जोडी बदला आणि तेल कुठून आले ते शोधा: बेअरिंगमध्ये कोंबलेले ग्रीस, चेनवर मारलेला स्प्रे किंवा कॅमला लावलेले अति ग्रीस. कॅमच्या दांड्याला आणि दोन्ही तोंडांना उष्णता सोसणारे ग्रीस पातळ थरात पुरते. जास्तीचे ग्रीस वितळून थेट लायनरवर जाते.

ड्रमच्या आत कमाल व्यास कोरलेला असतो. 130 मिमीच्या ड्रमला ही मर्यादा साधारण 131 मिमी असते. लेथवर टर्निंग करून ड्रम तिच्या पलीकडे गेला, तर तो बदलावा लागतो.

पाऊस आणि घाट

हबवर प्रेशरने पाणी मारले किंवा पाण्यातून गाडी काढली की लायनर भिजतात. सुरक्षित जागी कमी वेगात, मागे वाहन नाही हे पाहून, शंभरेक मीटर पॅडल अगदी हलके दाबून चालवा. ब्रेक परत येतो. घाट उतरताना पाय सतत पॅडलवर ठेवला तर ड्रम तापून ब्रेक निसटतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक थोडा दाबा, सोडा, आणि पुढचा ब्रेकही वापरा.

एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेक यंत्रणा किंवा एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले. एकत्रित यंत्रणेत मागचे पॅडल दाबले की पुढचा ब्रेकही थोडा लागतो, त्यामुळे मागचा कमजोर झालेला लवकर कळत नाही. अशा गाडीत फक्त मागचा नट फिरवू नका; पुढची केबलही सोबतच जुळवावी लागते. हे काम आमच्याकडे द्या.

मागे डिस्क असेल तर

पॅडल स्पंजासारखे दबत असेल, तर लाइनमध्ये हवा शिरली आहे. ब्लीडिंग करावे लागेल, म्हणजे ती हवा बाहेर काढावी लागेल. ब्रेक तेलाच्या छोट्या टाकीतील पातळी खाली आली असेल, तर वरून तेल ओतून मोकळे होऊ नका. पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे तुकडे) झिजले की पातळी उतरते, म्हणून आधी पॅड बघा, मग गळती. झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 लिहिलेले असते, तेच वापरा, इंजिन ऑइल कधीच नाही. हे तेल हवेतली ओल शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचे. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा.

नवे शू बसवल्यावर

पहिले 200 ते 300 किलोमीटर लायनर ड्रमशी जुळत असते. तोवर हलका ब्रेक, जास्त अंतर. मग मोकळी चाल पुन्हा मोजा, ती थोडी वाढलेली असेलच. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी 20 किलोमीटर वेगात फक्त मागचा ब्रेक लावून पाहा.

आमच्याकडे शू बदलले की काढलेली जोडी तुमच्या हातात देतो. ती दोन्ही बाजूंनी बघा: एका शूची झीज जास्त असणे साहजिक आहे, पण एकाच शूवर एक कड दुसरीपेक्षा खूप पातळ दिसली तर कॅम, बेअरिंग किंवा ब्रेक प्लेटची बैठक तपासायला सांगा, त्याच वेळी, चाक उघडे असतानाच.