कॅमेलिया

थिएसी म्हणजेच चहा कुलातील सदाहरित झुडपांची व लहान वृक्षांची ही प्रजाती (परस्परांशी जवळच्या जातींचा गट) पूर्व हिमालयापासून दक्षिण चीन, इंडोचीन, जपान व इंडोनेशियापर्यंत नैसर्गिक अवस्थेत आढळते. पाने साधी, एकाआड एक, जाडसर, चकचकीत व दातेरी असतात. फुले द्विलिंगी असून बहुधा पानांच्या बगलेत एकेकटी येतात. अनेक जातींत छदके (फुलाखालील लहान पाने) व संदले (कळीला झाकणारी बाहेरची दले) यांत स्पष्ट भेद करता येत नाही आणि वर्गीकरणात याच लक्षणावर बराच भर दिला गेला आहे. केसरदले (पुंकेसर) पुष्कळ असून बाहेरच्या वलयातील केसरतंतू तळाशी जुळलेले असतात. फळ बोंड प्रकारचे व बिया तेलयुक्त असतात. मूळ गुणसूत्रसंख्या १५ आहे.

प्रजातीचे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथात गेऑर्ग योझेफ कामेल (१६६१–१७०६) यांच्या स्मरणार्थ दिले. ब्रनो येथे जन्मलेल्या या जेझुइट औषधनिर्मात्याने फिलिपीन्समधील वनस्पतींच्या मोलाच्या नोंदी केल्या होत्या. कॅमेलियाशी मात्र त्याचा प्रत्यक्ष संबंध आल्याचे दिसत नाही. त्याच ग्रंथात चहाला ‘थिआ’ या स्वतंत्र प्रजातीत स्थान मिळाले, आणि १७६२ मध्ये तर लिनीअस यांनी हिरव्या व काळ्या चहाची झाडे दोन निरनिराळ्या जातींची मानली. दोन्ही प्रकारचा चहा एकाच जातीच्या पानांपासून, केवळ प्रक्रियेतील फरकामुळे तयार होतो, हे एकोणिसाव्या शतकात चीनमधील प्रत्यक्ष पाहणीने स्पष्ट झाले. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट स्वीट यांनी १८१८ मध्ये दोन्ही प्रजाती एकत्र केल्या व कॅमेलिया हे नाव राखले. तरीही थिआ वेगळी मानण्याची प्रथा त्यानंतर बराच काळ टिकली.

जातींच्या संख्येबाबत एकमत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ सीली यांनी १९५८ मध्ये ८२ जाती मान्य केल्या, तर चिनी वनस्पतिशास्त्रज्ञ चँग हुंग-ता यांनी १९८१ मध्ये सुमारे २०० जाती ग्राह्य धरल्या व पुढे ही संख्या आणखी वाढवली. चीनच्या वनस्पतिकोशातील २००७ च्या मांडणीत ती सुमारे १२० आहे. लहानसहान फरकांवरून जाती वेगळ्या करण्यापेक्षा ही मधली मांडणी अधिक सयुक्तिक वाटते. विशेषतः ज्या प्रजातीत संकर सहज होतो आणि लागवडीतील झाडे रानात पसरलेली असतात, तिच्या बाबतीत सावधगिरी इष्ट ठरते.

चहाच्या (कॅ. सायनेन्सिस) मूलस्थानाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. लहान पानांचा चिनी व मोठ्या पानांचा आसामी असे त्याचे दोन प्रकार सामान्यतः मानतात. आसामातील झाडे १८२३ च्या सुमारास स्कॉटिश व्यापारी रॉबर्ट ब्रूस यांच्या नजरेस आली आणि तेव्हापासून ती मूळची तेथलीच की चीनकडून आणलेल्या झाडांची संतती, हा वाद चालू राहिला. नैर्ऋत्य चीन, उत्तर म्यानमार व ईशान्य भारत यांना जोडणारा डोंगराळ पट्टा उगमक्षेत्र मानण्याकडे बहुतेकांचा कल आहे. अलीकडील जनुकीय अभ्यासांत चिनी चहा, चीनमधील आसामी चहा व भारतातील आसामी चहा असे तीन वेगळे गट दिसून आले असून, चहाची लागवड एकाहून अधिक ठिकाणी स्वतंत्रपणे सुरू झाली असावी, असे अनुमान त्यावरून काढले जाते. पानांच्या वापराचा सर्वांत जुना भौतिक पुरावा मात्र चीनमधीलच आहे : हान सम्राट जिंग (मृत्यू इ. स. पू. १४१) याच्या शियानजवळील समाधीस्थळी सापडलेले अवशेष चहाचे असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

शोभेसाठी कॅ. जॅपोनिका, कॅ. सॅसान्क्वा व कॅ. रेटिक्युलाटा या जाती आणि त्यांचे असंख्य संकर लावतात. कॅ. जॅपोनिकाचे परागण जपानमधील हिवाळ्यात मुख्यतः चष्मेवाला (डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेला लहान पक्षी) यासारख्या पक्ष्यांकडून होते. शरद ऋतूत फुलणाऱ्या कॅ. सॅसान्क्वाचे परागण कीटक करतात. पिवळ्या फुलांची कॅ. निटिडिसिमा ही जाती दक्षिण चीन व उत्तर व्हिएतनाममधील असून, पिवळा रंग संकरांत आणण्यासाठी तिचा उपयोग करण्यात आला. कॅ. ओलिफेराच्या बियांपासून खाद्यतेल काढतात; त्यात ओलेइक अम्लाचे प्रमाण बरेच असते.

या झाडांना आम्लधर्मी, निचऱ्याची जमीन व अर्धवट सावली मानवते. अभिवृद्धी छाट कलमांनी किंवा दाब कलमाने होते. सायबोरिनिया कॅमेली या कवकामुळे पाकळ्या तपकिरी होऊन फुले अकाली गळतात. रोगट फुले गोळा करून नष्ट करणे हा त्यावरील नेहमीचा उपाय आहे.