पाणी तेच होतं

डिसेंबर जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरायला लागतो. भोपाळमध्ये वायुगळती झाली त्या रात्री एका घरात अग्निहोत्र (तांब्याच्या पात्रातल्या अग्नीत आहुती द्यायचा विधी) चालू होतं आणि ते कुटुंब सहीसलामत राहिलं, असा तो मजकूर. मला तो गेल्या वर्षी तीन गटांवर आला. त्यातला एक गट विज्ञान शिकवणाऱ्यांचा होता. अग्निहोत्राचा प्रसार आपल्या अक्कलकोटच्या शिवपुरीतून झाला, त्यामुळे मराठी घरांत हा मजकूर आपलेपणाने पुढे जातो. कुणाच्या सायंप्रार्थनेशी माझं भांडण नाही. पण 'अमुक केलं म्हणून वाचले' असं म्हटलं की जे गेले त्यांनी ते केलं नाही म्हणून गेले, असा अर्थ आपोआप निघतो. हजारो माणसं झोपेत गुदमरली. त्यांच्या माथी हा दोष मारणं मला सहन होत नाही.

आधी एक साधी गोष्ट. भोपाळच्या त्या वेळच्या ५६ वॉर्डांपैकी ३६ वॉर्ड बाधित म्हणून नोंदले गेले. उरलेल्या २० वॉर्डांतली सगळ्या धर्मांची, आहुती देणारी आणि न देणारी, सगळीच माणसं वाचली, कारण वारा तिकडे नव्हता. बाधित वॉर्डांतही एका गल्लीत प्रेतं आणि पलीकडच्या गल्लीत नुसते चुरचुरणारे डोळे, असं झालं. जमिनीलगत सरकणारा जड वायू भिंती, चढउतार आणि झुळकी यांप्रमाणे कुठे दाट होतो, कुठे विरळ. तांब्याच्या पात्रातल्या धुराचा इथे काही संबंध येत नाही.

संबंध पाण्याचा येतो. आणि तो नीट समजावा म्हणून मला चुनकळीकडे जावं लागेल.

लहानपणी गणपतीच्या आधी आमच्या घराला चुना काढायचे. वडील लोखंडी घमेल्यात चुनकळीचे खडे टाकून त्यावर तांब्याभर पाणी ओतायचे आणि आम्हाला लांब उभं करायचे. पहिल्यांदा काहीच होत नसे. खडे नुसते पाणी पीत बसायचे. मग एखादा खडा तडकायचा, फुसफुस सुरू व्हायची, आणि बघता बघता घमेल्यातलं पाणी विस्तवाशिवाय रटरटा उकळायचं. त्यात हात घातला तर कातडी निघेल, असा दम मिळालेला असायचा. तेच चार खडे भरल्या पिंपात टाकले तर पाणी जेमतेम कोमट होई. खडे तेवढेच, उष्णताही तेवढीच, पण पिंपातल्या पाण्यात ती पांगते आणि घमेल्यात कोंडते.

भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात सेव्हिन हे कीटकनाशक बनत असे. त्यासाठी लागणारं मिथाइल आयसोसायनेट, कामगारांच्या भाषेत 'मिक', जमिनीत अर्धवट पुरलेल्या टाक्यांमध्ये साठवलेलं असे. त्यातली ६१० क्रमांकाची टाकी साधारण १२ मीटर लांब, अडीच मीटर व्यासाची. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिच्यात ४० टनांहून अधिक मिक होतं, आणि त्यात पाणी शिरलं. ते कसं शिरलं यावर वाद आहे. नळ्या धुताना मध्ये अडसर म्हणून घालायची पत्र्याची चकती घातली नव्हती, असं कामगार सांगत आले. कुणीतरी मुद्दाम पाणी सोडलं, असं कंपनी म्हणत आली. पाणी शिरलं याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

मिक आणि पाणी भेटले की उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. थंडीत ही क्रिया रेंगाळत चालते, म्हणूनच मिक शून्य अंशाच्या आसपास ठेवायचं असा नियम होता. आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट, जरा सावकाश वाचा. बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो. म्हणजे २० अंशांवर चाललेली क्रिया ४० वर चौपट, ६० वर सोळापट, ८० वर चौसष्टपट आणि १०० वर २५६ पट जोरात उष्णता ओकते. उलट टाकीतून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात वाढते. बाहेर २० अंश धरले तर ४० वर जेवढी उष्णता बाहेर पडते त्याच्या दुप्पट ६० वर, तिप्पट ८० वर, चौपट १०० वर. एकीकडे ४, १६, ६४, २५६ आणि दुसरीकडे १, २, ३, ४. सुरुवातीला दोन्ही आकडे जवळपास असतात, तेव्हा टाकी शांत दिसते. एकदा पहिली रांग पुढे गेली की दुसरी तिला कधीच गाठू शकत नाही. जास्त तापमान म्हणून जास्त वेग, जास्त वेग म्हणून आणखी तापमान. याला उष्मीय पळापळ म्हणता येईल.

यात टाकीच्या आकाराने भर घातली. भांड्याची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर आतला माल आठपट होतो, पण उष्णता बाहेर सोडणारा पृष्ठभाग चौपटच. काचेच्या बाटलीतल्या मिकची उष्णता वाट काढू शकते. ४० टनांच्या पोटातल्या उष्णतेला वाटच नसते. शिवाय त्या मिकमध्ये ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त क्लोरोफॉर्म राहिलं होतं. गरम होताच त्यातून आम्ल निघालं, आम्लाने टाकीचं पोलाद खाल्लं, आणि सुटलेल्या लोहामुळे मिकचे रेणू तीन-तीनच्या गटाने एकमेकांना चिकटू लागले. या दुसऱ्या क्रियेतूनही उष्णताच. टाकीचं तापमान २०० अंशांच्या पुढे गेलं, असा अंदाज तपासातून निघाला. मिक ३९ अंशांना उकळतं, म्हणजे मे महिन्यातल्या विदर्भातल्या दुपारी ते आपोआपच वायू होईल. २०० अंशांना कोंडलेल्या मिकचा दाब काय असेल? टाकीवरचं काँक्रीट तडकलं. सुरक्षा झडप उघडली आणि साधारण दोन तास वायू बाहेर पडत राहिला.

तो अडवायला चार व्यवस्था होत्या. शीतकरण यंत्र जूनपासून बंद होतं. वायू धुऊन काढणारा कॉस्टिक सोड्याचा मनोरा चालू स्थितीत नव्हता, आणि असता तरी एवढ्या लोंढ्याला तो पुरला नसता. वायू जाळणाऱ्या मशालीची नळी गंजली म्हणून काढलेली होती. पाण्याचे फवारे वायू निघत होता त्या उंचीपर्यंत पोचेनात.

मिकचा रेणूभार ५७, हवेचा सरासरी २९. दुप्पट जड वायू थंडीच्या रात्री वर जात नाही, तो जेपी नगरसारख्या कारखान्याला लागून असलेल्या वस्त्यांत, जमिनीवर झोपलेल्या माणसांच्या नाकाच्या उंचीवरून सरकतो. लहान मुलांची उंची आणखी कमी, वजनाच्या मानाने त्यांचा श्वास जास्त.

मिकच्या रेणूत एक कार्बन नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या मध्ये चेपलेला असतो. दोघंही त्याचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात. असा उघडा पडलेला कार्बन समोर येईल त्याला चिकटतो, मग ते पाणी असो की शरीरातली प्रथिनं. डोळे, घसा, फुप्फुसं ही आपली ओली ठिकाणं, म्हणून घाव तिथेच बसला. फुप्फुसांच्या अस्तराला इजा झाली की रक्तातला द्रव हवेच्या पिशव्यांत झिरपतो आणि माणूस आतल्या आत बुडतो.

आणि इथेच ओलं फडकं येतं. पाण्याशी संयोग पावायची ही ओढ टाकीत काळ ठरली, तीच तोंडासमोर धरलेल्या ओल्या टॉवेलवर ढाल ठरली असती. वायूचा काही भाग कापडातल्या पाण्यात मुरतो, तिथेच खर्ची पडतो, तेवढा फुप्फुसापर्यंत जात नाही. उष्णता इथेही निघते, पण ती इतकी थोडी की कापड गरमही लागत नाही. घमेलं आणि पिंप. टॉवेलने सगळे वाचले असते असं मी म्हणणार नाही, कारखान्याच्या भिंतीपाशी तो अपुराच पडला असता. पण 'तोंडावर ओलं कापड धरा, पळू नका, वाऱ्याला आडवे चालत जा' एवढी तीन वाक्यं कुणी वस्तीत आधी सांगितली असती, तर? शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत घेतो, जीव घेऊन धावणारा पन्नासहून अधिक. लोक धावले, आणि पुष्कळ जण वाऱ्याच्याच दिशेने धावले. लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला होता. तो पुन्हा वाजला तेव्हा खूप उशीर झाला होता.

रेल्वे स्थानकावरचे उपअधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी मात्र डोळे जळत असताना फलाटावरची गाडी वेळेआधी सोडली आणि पुढच्या गाड्या भोपाळला येऊ नयेत म्हणून निरोप धाडले. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी अनेक जण त्या रात्री कामावर असतानाच मरण पावले. एका माणसाला नेमकं काय करायचं हे सुचल्यामुळे किती जण वाचले, ते मोजता येणार नाही.

मेलेल्यांचा आकडाही आजवर एक झालेला नाही. आधी २,२५९, मग मध्य प्रदेश सरकारचा ३,७८७, पुढे भरपाईच्या कागदांत ५,२९५. पीडितांच्या संघटना १५ हजारांच्या वर सांगतात. ५ लाखांहून अधिक माणसांना इजा झाल्याची सरकारी नोंद आहे. कारखान्यातला साठवलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत इंदूरजवळच्या पीथमपूरला हलवला गेला, चाळीस वर्षांनी. कारखान्याच्या मातीत आणि भूजलात मुरलेलं विष अजून तिथेच आहे.

२ डिसेंबर हा राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन. आमच्या शाळेत त्या दिवशी चित्रकला स्पर्धा होते. मुलं झाडं काढतात, धुराडी काढतात. हा दिवस कुणाच्या आठवणीसाठी नेमला आहे हे फळ्यावर लिहिलेलं मी कित्येक वर्षं पाहिलं नव्हतं. त्यामुळे गेल्या वर्षी मी आठवीच्या वर्गात चुनकळी नेली. मुलांना लांब उभं केलं, डोळ्यांवर चष्मा चढवला, खड्यांवर पाणी ओतलं. पहिल्या मिनिटात काहीच झालं नाही, तेव्हा दोन मुलं हसली. मग खडा तडकला. पाणी उकळायला लागलं तेव्हा वर्ग गप्प झाला आणि मी टाकीची गोष्ट सांगितली, मघाचे आकडे फळ्यावर लिहून. दोन मिनिटं उभं राहून झाल्यावर सगळ्यांना रुमाल भिजवायला लावून मैदानात नेलं. चिमूटभर धूळ उडवून वारा कुठून येतो ते एकेकाने सांगायचं आणि त्याला आडवं, चालत, कुंपणापर्यंत जायचं. पहिल्या खेपेला निम्मी मुलं धावली. दुसऱ्या खेपेला सगळी चालत गेली.