चालता येतंय म्हणजे हाड शाबूत?

पाय मुरगळला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, फॉरवर्डमध्येही फिरतं: "चालता येतंय ना, मग हाड मोडलेलं नाही." धीर द्यायला ते बरं, पण अपुरं आहे.

शरीराचा मुख्य भार नडगीचं हाड पेलतं. बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, फिब्युला, थोडाच भार घेतं. म्हणून त्याला तडा गेला तरी माणूस लंगडत जिना चढू शकतो.

मग ओळखायचं कसं? डॉक्टर 1992 पासून वापरात असलेले 'ओटावा नियम' लावतात. दुखापत झाल्याबरोबर आणि तपासतानाही चार पावलं टाकता येतात का? नसतील, तर एक्स-रे. येत असतील तरी घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड, टोकापासून वर 6 सेंटीमीटरपर्यंत, बोटाने दाबून पाहतात. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत लागणारा हाडाचा उंचवटा आणि कमानीवरचं आतलं हाडही दाबतात. नेमकी तिथे कळ आली, तरीही एक्स-रे. दुखणं घोट्याच्या पुढे, मऊ भागात असेल तर बहुधा अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा (लिगामेंट), ताणलेला असतो. सुजेच्या आकारावरून मात्र काहीच ठरत नाही.

मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी या चाचणीवर विसंबू नये, थेट डॉक्टर गाठावा. आणि तपासणी होईपर्यंत मालीश करू नका, कृपया.