गाण्याची परीक्षा वेगळी, म्युझिकलची ऑडिशन वेगळी

ऑगस्ट संपला की इथे अमेरिकेत ओळखीच्या घरांतून तोच फोन येतो. ‘अगं, आमची कॉलेजात म्युझिकल थिएटरला, म्हणजे गाणं-नाच-अभिनयाच्या नाटकांच्या कोर्सला, अर्ज करतेय. नाचाचे, अभिनयाचे क्लास फारसे नाहीत, पण गांधर्वच्या मध्यमापर्यंत परीक्षा झाल्यात. गाण्याचा काही प्रश्न नाही.’ बाई गं, प्रश्न गाण्याचाच आहे!

परीक्षा तुम्हाला पाठ आहे. तानपुरा, ख्याल, चार ताना, मग हातावर ताल. समोरचे बघतात ते तयारी किती झाली. बंदिशीत ‘पिया’ दहा वेळा येतो, पण हा पिया कोण, तो आत्ता काय बोलून गेला, हे कुणी विचारत नाही.

ऑडिशनला नेमकं तेच विचारतात. मिशिगन असो की कार्नेगी मेलन, बीएफए या पदवीच्या प्रवेशासाठी सूर लागतोच, पण खोलीतले प्राध्यापक बघत असतात की ही मुलगी कुणाशी बोलतेय आणि तिला त्याच्याकडून काय हवंय. म्युझिकलमध्ये नुसतं बोलून भागेना म्हणून पात्र गायला लागतं. आपली सवय उलटी, आणि ती नाट्यसंगीतानं लावलेली. बालगंधर्व एकेका पदाला वन्समोअर घेत, कथानक तोवर थांबून राही आणि प्रेक्षकांना तेच हवं असे. मलाही ते आवडतं. पण म्युझिकलच्या ऑडिशनमध्ये गाणं संपताना पात्र जिथून निघालं तिथेच उभं असेल, तर सुरेल गाऊनही उपयोग नाही.

माझी भाची अशीच सुरेल गायची. चेहरा परीक्षेला बसल्यासारखा, उजवा हात हवेत स्वर मोजतोय. एकदा तिला म्हटलं, चाल सोड, ओट्याशी उभी राहून शब्द नुसते बोल. तिसऱ्यांदा बोलताना तीच थबकली. ‘मावशी, दुसऱ्या ओळीत मी माफी मागतेय आणि चौथीत चिडलेय!’ दोन महिने ती ते गाणं गात होती. आम्ही मग पहिल्या ओळीच्या वर पेन्सिलीनं एक वाक्य लिहिलं: समोरचा आत्ताच काय म्हणाला. याला क्लास लागत नाही की फी.

म्हणूनच केवळ वरचा सूर दाखवायला निवडलेल्या गाण्यांचा मला राग आहे. सतरा वर्षांच्या मुलीनं पंचेचाळिशीतल्या घटस्फोटितेचं दुःख गाऊ नये.

बाकीचं किरकोळ. गाण्याचे सोळा बार, म्हणजे पाश्चात्त्य नोटेशनमधले तालाचे सोळा खंड, गायला सांगितले तर त्या सोळा मात्रा नव्हेत. चार-चारच्या ठेक्यात त्या चौसष्ट होतात, म्हणजे त्रितालाची चार आवर्तनं. मध्यम लयीत अर्धं-पाऊण मिनिट. नाचासाठी कथक आलं तरी सहा महिने बिगिनर बॅले करा, निदान बॅलेचे शब्द तरी कळतील. प्रीस्क्रीनचा, म्हणजे ऑडिशनआधीच्या चाळणीसाठी पाठवायचा, व्हिडिओ बहुतेक ठिकाणी रेकॉर्ड केलेल्या साथीच्या ट्रॅकवर चालतो, पण प्रत्यक्ष ऑडिशनला सहसा पियानोवादक असतो. तिथे ‘जरा काळी चार घ्या’ म्हणायची सोय नाही. आपल्या पट्टीतलं नोटेशन आधीच छापून न्या, कुठून कुठपर्यंत गाणार ते ठळक खुणा करून. लय सांगायला पियानोवादकासमोर चुटक्या वाजवू नका, त्यांना ते अजिबात खपत नाही. पहिली ओळ हळूच गुणगुणून दाखवा, थँक यू म्हणा आणि जागेवर जाऊन उभ्या राहा.