ताकेचियोचा इएयासु कसा झाला

जपानच्या इतिहासावरची कादंबरी वाचताना नावांपाशी घोळ होतोच. ताकेचियो म्हणून भेटलेला पोरगा थोड्या पानांनी मोतोनोबु होतो, मग मोतोयासु, आणि शेवटी इएयासु, म्हणजे पुढे जपानचा शोगुन (लष्करी सत्ताधीश) झालेला तोकुगावा इएयासु. माणूस एकच. यात लेखकाचा दोष नाही. सोळाव्या शतकात सामुराईंची नावं अशीच बदलत.

ताकेचियो हे लहानपणचं नाव. 'ताके' म्हणजे बांबू, 'चियो' म्हणजे हजार पिढ्या. आईबापांचा आशीर्वादच तो. १५४३ साली जन्मलेला हा मुलगा इमागावा योशिमोतो या बलाढ्य सरदाराकडे ओलीस होता. गेन्पुकु, म्हणजे वयात आल्याचा विधी, तिथेच झाला आणि योशिमोतोने स्वतःच्या नावातला 'मोतो' त्याला दिला; तो मोतोनोबु झाला. धन्याच्या नावातलं अक्षर मिळणं हा मोठा मान. पण आपण कोणाचे, हेही त्यातून चारचौघांत जाहीर होई. पुढे 'नोबु' सोडून त्याने आजोबा कियोयासु यांचा 'यासु' घेतला. १५६० मध्ये ओकेहाझामाच्या लढाईत योशिमोतो मारला गेला, आणि १५६३ मध्ये 'मोतो'ही गेला. राहिला तो इएयासु: 'इए' म्हणजे घर, 'यासु' म्हणजे स्वास्थ्य. इमागावांशी नातं संपल्याचं पत्र वेगळं लिहायची गरज नव्हती.

मोठेपणीच्या या नावाला इमिना म्हणत आणि ते तोंडावर उच्चारणं उद्धटपणाचं. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत, तेव्हा यात नवल वाटू नये. हाक मारायची ती हुद्द्याने, किंवा तारो, जिरो, साबुरो अशा थोरला-मधला-तिसरा सांगणाऱ्या नावाने. कादंबरीतला शिपाई धन्याला सरळ 'इएयासु' म्हणाला, तर समजावं की लेखकाने अभ्यास कमी केलाय.

त्याच काळातला दुसरा सरदार दाते मासामुने, त्याचं बालनाव बोंतेनमारु. बोंतेन म्हणजे आपला ब्रह्मदेव, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात पोहोचलेला.

बायकांच्या नावांत तर चुका फार. शेवटी 'को' लावणं ही पूर्वी दरबारी घराण्यांची रीत. सामान्यांत ती मेइजी काळात (१८६८-१९१२) पसरली. त्याआधीच्या एदो काळातली, म्हणजे तोकुगावांच्या राजवटीतली, शेतकऱ्याची लेक ओहारु किंवा ओताके असायची. सगळ्यांना आडनाव लावण्याची सक्ती तर १८७५ ची.

नावाची अक्षरं किती जिवावर उठू शकतात, हे १६१४ मध्ये दिसलं. तोकुगावांचा प्रतिस्पर्धी तोयोतोमी हिदेयोरी याने क्योतोच्या होकोजी मंदिरासाठी प्रचंड घंटा ओतवली. तिच्यावरच्या लेखात चार कांजी (चिनी लिपीतून आलेली अक्षरं) होते, 'कोक्का आन्को': राज्यात सुखशांती नांदो. त्यातला दुसरा कांजी 'इए'चा, चौथा 'यासु'चा. उच्चार वेगळे, अक्षरं तीच. मध्ये एक अक्षर घालून आमच्या धन्याच्या नावाचे दोन तुकडे केले, असा कांगावा तोकुगावांनी केला. निमित्तच हवं होतं. त्याच हिवाळ्यात तोयोतोमींच्या ओसाका किल्ल्याला वेढा पडला आणि १६१५ मध्ये तोयोतोमी घराणं संपलं. घंटा अजून तिथेच टांगलेली आहे. ती अक्षरं पाहुण्यांना चटकन सापडावीत म्हणून पांढऱ्या रंगाने खुणावून ठेवली आहेत.