मुद्रित इलेक्ट्रॉनिकी : स्थाननिश्चिती व प्रतिमाग्रहण

काच, सिरॅमिक, प्लॅस्टिकची फिल्म किंवा काचतंतूंचे बोर्ड यांवर विद्युत्‌वाहक, रोधक, अर्धवाहक वा निरोधक पदार्थांचे थर छापून इलेक्ट्रॉनिक मंडल तयार करताना प्रत्येक थर ठरलेल्या जागीच पडावा, यासाठी वापरल्या जाणाऱ्या यांत्रिक व प्रकाशीय पद्धती. आधार आणि छपाईचे साधन (शाईशीर्ष, जाळी, स्टेन्सिल किंवा प्रकाशशलाका) यांना परस्परांच्या संदर्भात हलवून इष्ट जागी आणणे म्हणजे स्थाननिश्चिती, आणि ती जागा प्रत्यक्षात कोठे आहे हे कॅमेऱ्याने पाहून मोजणे म्हणजे प्रतिमाग्रहण. अभ्यासक्रमात हे दोन विषय वेगवेगळे शिकवले जात असले, तरी यंत्रात त्यांची साखळी एकच असते. त्यामुळे एकाच नोंदीत त्यांचा विचार करणे सोयीचे आहे.

छापखान्यात रंगीत चित्राचे चार रंग एकमेकांवर नीट बसले की 'रजिस्टर जुळले' असे म्हणतात. चित्राचे रजिस्टर थोडे सुटले तर कडा धूसर होतात, पण चेहरा ओळखू येतो. मंडलात तेवढ्याच चुकीने वाहक वाट तुटते, किंवा दोन शेजारच्या वाटा एकमेकींना चिकटून शॉर्ट होतो. म्हणून येथे जुळणी मायक्रॉनमध्ये मोजतात (१ मायक्रॉन = मिलिमीटरचा हजारावा भाग).

अचूकता आणि पुनरावृत्तिक्षमता यांत फरक करणे आवश्यक आहे. यंत्र दर वेळी एकाच चुकीच्या जागी जात असेल, तर त्याची पुनरावृत्तिक्षमता उत्तम व अचूकता वाईट. अशी चूक मोजून वजा करता येते. उलट, दर वेळी वेगळ्या जागी जाणाऱ्या यंत्राला गणिताने सुधारता येत नाही. यंत्राच्या अक्षांसाठी या दोन्ही राशी कशा मोजाव्यात हे आयएसओ २३०-२ या मानकात दिले आहे. मोजपट्टीचे विभेदन, म्हणजे तिला दिसू शकणारा सर्वांत लहान फरक, ही तिसरी राशी आहे. माहितीपत्रकांत ती पुष्कळदा अचूकतेच्या जागी छापलेली आढळते. वाचताना तेवढी काळजी घ्यावी.

उगम : मंडल 'छापण्या'ची कल्पना कोणाची, याबद्दल एकमत नाही. 'छापणे' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाने वेगळा घेतला, हे मतभेदाचे मुख्य कारण आहे. आल्बर्ट हॅन्सन यांच्या १९०३ च्या पेटंटात निरोधक पृष्ठावर चपट्या धातुपट्ट्या बसवण्याची रीत आहे. तिच्यात वाहक सपाट होतात, पण छपाई अशी होत नाही. चार्ल्स ड्यूकास यांना १९२५ मध्ये मिळालेल्या अमेरिकन पेटंटात निरोधक पृष्ठावर वाहकांचा आकृतिबंध स्टेन्सिलच्या साहाय्याने उमटवण्याचा विचार स्पष्ट आहे. व्हिएन्नात जन्मलेले व १९३६ मध्ये इंग्लंडला गेलेले पॉल आयस्लर यांना सामान्यतः मुद्रित मंडलाचे जनक मानतात. त्यांचे पहिले प्रयोग १९३६ च्या सुमाराचे, तर पेटंटाचा अर्ज १९४३ चा आहे. त्यामुळे संदर्भग्रंथांत दोन्ही साले आढळतात. आयस्लर यांच्या रीतीत छापला जातो तो संरक्षक थर. ताम्रपत्र्याचा उघडा राहिलेला भाग नंतर रसायनाने विरघळवून काढतात. आजचे बहुतेक 'प्रिंटेड सर्किट बोर्ड' याच वंशाचे असून त्यांतले तांबे छापलेले नसून कोरलेले असते.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌सच्या सामीप्य-प्रस्फोटकासाठी (लक्ष्याजवळ येताच आपोआप उडणाऱ्या फ्यूजसाठी) सिरॅमिकच्या तबकडीवर जाळीतून चांदीची शाई आणि तिच्यावर कार्बनचे रोधक छापले गेले. क्लेडो ब्रुनेटी व रॉजर कर्टिस यांनी १९४७ मध्ये ब्यूरोच्या परिपत्रकात त्या वेळच्या मुद्रण पद्धतींचा आढावा घेतला. प्रस्तुत नोंदीच्या विषयापुरते पाहिले तर हा टप्पा अधिक महत्त्वाचा वाटतो. एकच थर छापताना तो थोडा सरकला तरी सगळाच सरकतो, त्यामुळे मंडल चालते. रोधकाची दोन्ही टोके आधी छापलेल्या चांदीवर बसलीच पाहिजेत अशी अट आली, तेव्हा दोन थरांच्या जुळणीचा प्रश्न उभा राहिला. रोधकाचे मूल्य त्याच्या लांबीवर अवलंबून असल्याने ही जुळणी विद्युत् गुणधर्मात थेट उतरते.

संदर्भखुणा : बोर्डावर मंडलाबरोबरच काही खुणा छापलेल्या किंवा कोरलेल्या असतात. कारखान्यात त्यांना फिड्युशिअल म्हणतात. सर्वांत रूढ खूण म्हणजे सुमारे १ मिमी. व्यासाची भरीव ताम्रचकती, भोवती मोकळे वर्तुळ. चौकोन किंवा अधिकचिन्ह यांपेक्षा चकती पसंत करतात, कारण ती कोणत्याही कोनातून सारखीच दिसते आणि कोरताना कडा सर्व बाजूंनी सारखी खाल्ली गेली तरी केंद्र हलत नाही.

कॅमेऱ्याखाली ही चकती कशी दिसते ते पाहण्यासारखे आहे. संवेदकाचे चित्रबिंदू ३.४५ मायक्रॉनचे आणि भिंगाचे विवर्धन एकपट धरले, तर चकती सुमारे २९० चित्रबिंदू रुंद दिसते. तिच्या कडेवर सुमारे ९०० चित्रबिंदू असतात. प्रत्येक ठिकाणी कडा थोडी डळमळीत दिसते, पण ९०० ठिकाणचे वाचन एकत्र करून वर्तुळ बसवले की केंद्र एका चित्रबिंदूच्या लहान अंशापर्यंत सापडते. येथे एक गैरसमज वारंवार होतो. भिंगाची दोन बिंदू वेगळे दाखवण्याची सीमा रॅलीच्या निकषाने ठरते (०.६१ × तरंगलांबी ÷ संख्यात्मक द्वारक; द्वारक म्हणजे भिंग किती रुंद कोनातला प्रकाश घेते त्याचे माप). ५०० नॅनोमीटर प्रकाश आणि ०.१ द्वारक यांसाठी ती सुमारे ३ मायक्रॉन येते. पण एकट्या, ओळखीच्या आकाराची जागा ठरवायला ही सीमा आड येत नाही. दोन वस्तू वेगळ्या ओळखणे आणि एका वस्तूचे केंद्र काढणे हे भिन्न प्रश्न आहेत.

अडचण भिंगापेक्षा प्रकाशाची अधिक असते. तांब्यावर कथिल-मिश्रधातूचा गरम लेप दिला असेल तर चकती सपाट न राहता किंचित फुगीर होते. एका बाजूने प्रकाश पडला की चकाकी एकीकडे सरकते आणि केंद्रही तिकडे सरकल्यासारखे दिसते. हिरवा संरक्षक लेप चकतीच्या कडेवर चढला असेल तर आज्ञावली तांब्याचे केंद्र न शोधता लेपातल्या छिद्राचे केंद्र शोधते. लेपाचा थर वेगळ्या टप्प्यात छापलेला असल्याने त्याची स्वतःची चूक मग सगळ्या मोजमापात शिरते. भिंगाच्या अक्षातून येणारा प्रकाश, चकतीभोवती पुरेशी मोकळी जागा आणि दूरकेंद्री भिंग (ज्यात वस्तू थोडी वरखाली झाली तरी प्रतिमेचा आकार बदलत नाही) हे त्यावरचे नेहमीचे उपाय होत.

दोन खुणांवरून आधाराचे सरकणे, वळणे व एकसारखे ताणले जाणे ही चार अज्ञाते निघतात. तीन खुणांवरून दोन दिशांतले वेगवेगळे ताणणे व तिरके होणे धरून सहा निघतात. तीन खुणांवरून सहा अज्ञाते काढली की उरलेली चूक नेहमी शून्यच येते, मग एखादी खूण चुकीची वाचली गेली असली तरीही. त्या शून्यावर विसंबणे धोक्याचे आहे. चौथी खूण वाचली तरच चूक उघडी पडते. खुणांची किमान संख्या सांगून थांबणाऱ्या मार्गदर्शिकांत हा मुद्दा बहुधा सुटलेला दिसतो.

कॅमेरा व शीर्ष यांतील अंतर : या विषयाचा गाभा येथे आहे. कॅमेरा एका जागी पाहतो आणि शाई दुसऱ्या जागी पडते. दोहोंमधले अंतर यंत्राला नेमके ठाऊक नसेल, तर खुणा कितीही बारकाईने वाचल्या तरी उपयोग होत नाही. आराखड्यातले अंतर यासाठी पुरत नाही, ते छापूनच मोजावे लागते. नमुन्याच्या आधारावर थेंबांची जाळी छापतात, गृहीत अंतराइतके सरकून तीच जाळी कॅमेऱ्याखाली आणतात, आणि जो फरक दिसेल तो दुरुस्ती म्हणून नोंदवतात. एक थेंब विश्वासार्ह नसतो, म्हणून अनेकांची सरासरी घेतात. शिवाय हे अंतर स्थिर राहत नाही. कॅमेरा व शीर्ष ८० मिमी. लांबीच्या ॲल्युमिनियमच्या कंसावर असतील तर तापमान २° से. वाढल्याने ते सुमारे ३.७ मायक्रॉनने वाढते. यंत्र सुरू केल्यावर तासाभराने पुन्हा अंशशोधन करण्याची पद्धत यामुळेच आहे.

मंच व मोजपट्टी : आधार वाहून नेणारा मंच साधारणतः ग्रॅनाइटच्या पायावर, रेषीय मोटरीने व पुष्कळदा हवेच्या पातळ थरावर सरकतो. जागा वाचायला काचेवर किंवा पोलादावर कोरलेली रेषांची मोजपट्टी असते. तिच्या रेषांतील अंतर बऱ्याचदा २० मायक्रॉन असते, आणि दोन रेषांमधला भाग संकेताचे विभाजन करून वाचतात. दोन जाळ्या एकमेकींवर सरकवल्या की दिसणारे मोआरे पट्टे जाळ्यांच्या परीक्षणासाठी वापरता येतील, हे रॅली यांनी १८७४ मध्येच सुचवले होते. मोजपट्टी कोठे बसवायची याबाबत एर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये मांडलेले तत्त्व आजही प्रमाण आहे : मोजपट्टी मोजायच्या रेषेतच असावी. ती छपाईच्या पातळीपासून १०० मिमी. खाली असेल आणि मंच चालताना १० विकला (विकला = अंशाचा ३६०० वा भाग) झुकला, तर पट्टीवर काहीही न दिसता छपाई सुमारे ४.८ मायक्रॉन सरकते. अशी चूक काचेच्या अंशशोधित जाळीपट्टीने पृष्ठभर मोजून तिचा नकाशा नियंत्रकात भरतात. जाळीपट्टीचीच चूक वेगळी काढायची असेल तर ती ९०° व १८०° फिरवून पुन्हा वाचतात.

शाईथेंबाचे उड्डाण : शाईफवारा पद्धतीत शीर्ष आधाराला टेकत नाही, त्यामुळे थेंबाचा प्रवासही हिशेबात धरावा लागतो. १० पिकोलिटरचा थेंब हवेत सुमारे २७ मायक्रॉन व्यासाचा असतो. तो ६ मी./से. वेगाने १ मिमी. अंतर कापत असेल तर त्याला सुमारे १६७ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात ०.५ मी./से. वेगाने जाणारा मंच ८३ मायक्रॉन पुढे सरकलेला असतो. नेहमी एकाच दिशेने छापले तर हे सरकणे सर्वांना सारखे लागते. जाता-येता दोन्ही दिशांनी छापले तर दोन ओळींत दुप्पट फरक पडतो आणि तो वेळेच्या दुरुस्तीने भरून काढतात. पण थेंबाचा वेगच ५ टक्क्यांनी कमीजास्त झाला तर सुमारे ४ मायक्रॉनची चूक उरते, आणि ती नोझलागणिक वेगळी असते. थेंब सरळ रेषेपासून १० मिलिरेडियन कलला तर १ मिमी. वर आणखी १० मायक्रॉन.

म्हणून शीर्षाच्या बाजूला दुसरा कॅमेरा ठेवून थेंब उडतानाच पाहतात. फवाऱ्याच्या वारंवारतेला जोडलेला प्रकाशाचा झोत काही मायक्रोसेकंद उशिराने लावला की प्रत्येक झोतात नवा थेंब त्याच जागी असतो, आणि पडद्यावर एकच थेंब हवेत थांबल्यासारखा दिसतो. उशीर वाढवला की तो खाली सरकतो. दोन वाचनांतून वेग निघतो. झोत १ मायक्रोसेकंदाचा असला तरी ६ मी./से. वेगाचा थेंब ६ मायक्रॉन लांबट दिसतो, हे व्यास मोजताना वजा करावे. थेंबामागची शेपूट, बाजूला फुटणारे उपथेंब, कडेला वाळलेल्या शाईमुळे वाकडे जाणारे नोझल, हे सगळे येथेच दिसते.

नोझलांतील अंतर ठरलेले असते, उदा., २५४ मायक्रॉन. त्याहून दाट छपाईसाठी शीर्ष तिरके लावतात. सुमारे ४.५° कोनाला थेंबांमधले अंतर २० मायक्रॉन होते. अशा लहान कोनात कोनाची थोडी चूकही घनतेवर बरीच परिणाम करते, म्हणून हा कोनही छापलेल्या नमुन्यावरून तपासतात.

ताणला जाणारा आधार : काच व सिरॅमिक बऱ्यापैकी स्थिर असतात. पॉलिएस्टर फिल्म मात्र तापमान, ओलावा व ओढ या तिन्हींमुळे बदलते. रिळावरून रिळावर चालणाऱ्या छपाईत ३०० मिमी. रुंद, १०० मायक्रॉन जाड फिल्मवर १०० न्यूटन ओढ असेल आणि फिल्मचा स्थितिस्थापकता गुणांक ४.५ गिगापास्कल धरला, तर ती सुमारे ०.०७४ टक्के ताणली जाते. म्हणजे ३०० मिमी. लांबीवर ०.२२ मिमी. हा आकडा शेकड्याने मायक्रॉनचा आहे. ओढ दोन्ही थरांच्या वेळी सारखी राहिली तर तो आपोआप रद्द होतो. त्यामुळे रिळाच्या छपाईत ओढ कमी ठेवण्याइतकीच ती न बदलता ठेवणे महत्त्वाचे आहे. पहिला थर भट्टीतून वाळून आला की फिल्म कायमची थोडी आकसते, आणि ती चूक ओढीने भरून निघत नाही. दुसऱ्या थराचा आराखडाच त्या प्रमाणात बदलावा लागतो.

स्टेन्सिल छपाई व प्रत्यक्ष प्रकाशांकन : डाग-पेस्टच्या (घटक बोर्डाला जोडणाऱ्या सोल्डरच्या लगद्याच्या) छपाईत कॅमेरा बोर्ड व स्टेन्सिल यांच्या मधल्या फटीत शिरून खाली बोर्डाची व वर स्टेन्सिलची खूण पाहतो. वितळलेल्या डागाचा पृष्ठताण घटकाला स्वतःच जागेवर ओढतो, म्हणून येथे थोडी सूट मिळते. प्रत्यक्ष प्रकाशांकनात फिल्मचा साचा न वापरता लेसर किंवा सूक्ष्म आरशांच्या चकतीने प्रकाशसंवेदी थरावर आकृती थेट उमटवतात. अशा आरशांची चकती लॅरी हॉर्नबेक यांनी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्‌समध्ये १९८७ मध्ये तयार केली. साचा नसल्याने प्रत्येक बोर्डाच्या खुणा वाचून त्या बोर्डापुरती आकृती ताणता, वळवता येते. बहुथर बोर्डांच्या जुळणीत हा मोठा लाभ ठरला आहे.

ग्रॅव्ह्यूर व फ्लेक्सो (अनुक्रमे खोलगट कोरलेल्या व उठावाच्या सिलिंडरांनी छापण्याच्या) पद्धतींत जुळणी सिलिंडरांच्या फिरण्यातील कलेने (फेजने) साधतात. विद्युत् क्षेत्राने शाई खेचणाऱ्या सूक्ष्म फवाऱ्याने एक मायक्रॉनहून लहान ठिपके छापता येतात, हे २००७ च्या सुमारास प्रयोगशाळेत दाखवले गेले. असे ठिपके वर उल्लेखिलेल्या ०.१ द्वारकाच्या भिंगाच्या सीमेहून लहान असतात. त्यांची जागा प्रकाशीय कॅमेऱ्याने काढता येते, पण त्यांचा आकार तपासण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक किंवा आणवीय बल सूक्ष्मदर्शक लागतो.